भूकंपकाकांचा कट्टा

भूकंपकाकांइतका शांत माणूस त्या गावात दुसरा नव्हता, आणि नाव मात्र असलं पडलेलं. घरात भांडं आदळलं तर ते आधी उचलून जागेवर ठेवायचे आणि मग विचारायचे, "काय पडलं?" शेजारणीने चार वर्षं आपली स्कूटर त्यांच्या दारात आडवी लावली, तर हे चार वर्षं अंग चोरून ये-जा करत राहिले. पाचव्या वर्षी शेजारणीने स्कूटर विकली. काका म्हणाले, "बघ, मिटलं की नाही?" काकूंनी यावर काय म्हटलं ते इथे न लिहिलेलं बरं.

नाव पडलं ते नोकरीमुळे. गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, एक बुटकी टेकडी आहे. तिच्या पोटात छोटंसं भुयार खणलंय आणि त्या भुयारात भूकंप नोंदवणारं यंत्र ठेवलंय. तेविसाव्या वर्षी काका तिथे पहारेकरी म्हणून लागले. स्टेशनच्या तेव्हाच्या प्रमुखांना सगळे जुने साहेब म्हणत. त्यांनी या पहारेकऱ्याला आधी कागदाचा ड्रम बदलायला शिकवलं, मग त्यावरच्या रेघा वाचायला, मग यंत्र उघडून पुसायला. जुने साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेही, आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. छत्तीस वर्षांत काकांचा हुद्दा दोनदा बदलला, काम एकदाही नाही. रस्त्यात भेटणारे विचारायचे, "काय काका, कधी होणार?" जसं काही वेळापत्रक यांच्याच खिशात असावं. काका म्हणायचे, "ठरलं की कळवतो." हा विनोद छत्तीस वर्षं चालला आणि दोन्ही बाजूंना पुरला.

भुयाराला एकामागे एक तीन दारं होती, आतली हवा हलू नये म्हणून. सगळ्यात आत, मूळ खडकातून वर आणलेला गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कट्टा, आणि त्याच्यावर पातेल्याएवढं यंत्र. नव्या काळात कागद गेला, ड्रम गेला, सगळं तारेवरून शहरातल्या संस्थेत जायला लागलं. तरी काका रोज सकाळी अनवाणी आत जायचे, बॅटरीच्या उजेडात सगळं बघायचे आणि श्वास रोखून बाहेर यायचे. ते म्हणायचे, या यंत्राला तीनच गोष्टी लागतात: बुडाखाली पक्की जमीन, थांबलेली हवा, आणि उत्तर दिशा कुठे आहे ते नीट कळणं. तिसऱ्या गोष्टीसाठी कट्ट्यावर एक तांबडी रेघ मारलेली होती. यंत्रावरचा पितळी बाण त्या रेघेवर धरायचा, की झालं.

हे यंत्र गावच्या हादऱ्यांसाठी नव्हतंच. ते होतं दूरच्या पाहुण्यांसाठी. समुद्रापलीकडे दहा हजार किलोमीटरवर कुठे मोठा भूकंप झाला, की पाऊण तासाने त्याच्या लाटा टेकडीखाली पोचतात. पृथ्वीच्या पाठीवरून येतात म्हणून त्यांना पृष्ठलहरी म्हणतात. कपातला चहा हलत नाही, कुणाची झोप मोडत नाही, पण सगळं गाव केसभर वर उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं. आखूड लाटांना वरवरच्या खडकापुरतंच कळतं. लांब लाटा दोनशे-तीनशे किलोमीटर खोलपर्यंत चाचपत येतात. खाली खडक थंड आणि टणक असेल तर लाट लवकर पोचते, तापून मऊ पडला असेल तर रेंगाळते. अशा हजारो लाटांच्या वेळा मांडून शास्त्रज्ञ आपल्या पायाखालच्या त्या खोल थराचं, वरच्या प्रावरणाचं, चित्र काढतात. तिथे आजवर कोणी गेलेलं नाही, आणि जाणारही नाही.

काकांनी हे सगळं काकूंना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. दुसरा एखादा नवरा दुसरं काही तरी बोलला असता. पण काकू शिवणकाम करणाऱ्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि अर्ध्या गावाचे गणवेश आणि कोट त्या मशीनखालून गेलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अस्तर न उसवता आतला कपडा कसा आहे ते सांगता म्हणा की." काकांना हे इतकं पटलं की पुढे संस्थेतल्या लोकांनाही ते असंच समजावू लागले, आणि ते लोक समजल्यासारखी मान डोलवायचे.

काकांचं एकोणसाठावं वर्ष चालू असताना शहरातून पत्र आलं. चाळीस स्टेशनं सांभाळायला संस्थेला माणसं पुरत नव्हती, त्यातली दहा बंद करायची होती, आणि त्या दहांत टेकडीचं नाव होतं. कारणही लिहिलं होतं: 'या ठिकाणी विशेष काही आढळलेलं नाही.' काकांनी ते वाक्य तीनदा वाचलं. आपली निवृत्ती तोंडावर आली याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण आपल्यामागे भुयाराला कुलूप लागावं, हे त्यांना सोसवेना. आयुष्यात त्यांनी हट्ट असा कधी केला नाही. हा एकच होता, आणि तोही त्यांनी फक्त काकूंजवळ बोलून दाखवला.

"मी गेलो तरी ते चालू राहावं, बस."

"राहील," काकू म्हणाल्या. कशाच्या जोरावर म्हणाल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग एके दिवशी सकाळच्या बसने संशोधक बाई आल्या. वय असेल बत्तीस-तेहेतीस, पाठीवर सॅक, नावाआधी डॉक्टर. गावात ही बातमी पोचली आणि शेजारीण आपला जुना खोकला घेऊन त्यांना दाखवायला आली, ते निस्तरण्यात पंधरा मिनिटं गेली. ही बाई गेली सहा वर्षं चाळीसही स्टेशनांच्या नोंदी घेऊन प्रावरणाचं चित्र जुळवत होती. काकांशी फोनवर पुष्कळदा बोललेली, पण स्टेशन बघायला आली होती पहिल्यांदाच.

भुयाराबाहेरच्या ऑफिसच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक किटली. बाईंनी लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगून टाकलं.

"काका, तुमचं स्टेशन वाचलं."

काका उठले, बसले, पुन्हा उठले. किटलीत पाणी ओतलं आणि बटण दाबायचं विसरले.

"ऐका तर," बाई म्हणाल्या. "पृष्ठलहरी दोन जातीच्या, हे तुम्हाला माहीतच आहे. आडवी आधी येते, ती जमीन डावी-उजवीकडे हलवते. मागून लोळती येते, ती पुढे-मागे आणि वर-खाली घुसळते. एकीचं काम दुसरी करत नाही. पण तुमच्याकडे आडवी लाट येते त्याच क्षणी पुढे-मागेही हालचाल दिसते. दर मोठ्या भूकंपाला. दोन लाटांची अशी सरमिसळ कधी होते? खालच्या खडकाची वीण एकदम दिशा बदलते तेव्हा. म्हणजे या टेकडीखाली, शंभर-दोनशे किलोमीटरवर, प्रावरण कधीतरी वळून वाहिलंय. असं आसपास कुठेच नाही, माझ्या चित्रात फक्त इथे वेगळा डाग पडलाय!"

"इथे? आपल्याकडे?"

"आपल्याकडे. संचालकांना दाखवलं. ते म्हणाले, असं असेल तर हे स्टेशन बंद करणं शुद्ध वेडेपणा. यादी पुढच्या महिन्यात पक्की होईल आणि त्यात तुम्ही नसाल. मी या महिनाअखेरीस परिषदेत हेच मांडणार आहे."

काकांना एवढा आनंद झाला की काय करावं ते कळेना. छत्तीस वर्षं ते ज्या जमिनीवर बसून होते ती काही साधीसुधी नव्हती, याचा त्यांना घरचं पोर पहिलं आल्यासारखा अभिमान वाटला. त्यांनी किटलीचं बटण दाबलं, चहा केला, आणि मग चष्मा पुसून लॅपटॉपवरच्या रेघा बघायला बसले. रेघा म्हणजे त्यांची अक्षरओळख. तीन रेघा: एक वर-खालीची, एक उत्तर-दक्षिणेची, एक पूर्व-पश्चिमेची.

बघता बघता त्यांचा चहा निवला.

"मॅडम, ही उभी रेघ गप्प का?"

"कुठे?"

"इथे. खाली खरंच सरमिसळ होत असेल, तर आडव्या लाटेबरोबर जमीन वर-खालीही व्हायला पाहिजे ना? पुढे-मागे दिसतंय, वर-खाली काहीच नाही."

"उभी मी अजून नीट काढलेली नाही. बारीक असेल, गोंगाटात बुडाली असेल. बघू पुढे."

माणूस आनंदात असला की नको ते पुढे ढकलतो, मग नावाआधी डॉक्टर असलं तरी. काकांनी आणखी एकच विचारलं. "आणि हे कधीपासून दिसतंय?"

"अकरा वर्षांपासून. आधीच्या नोंदींत नाही. पण आधीचं यंत्र जुनं होतं, त्याला एवढं दिसत नसणार."

ते जुनं यंत्र काकांनी पंचवीस वर्षं स्वतःच्या हातांनी पुसलं होतं. त्याला काय दिसायचं आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी काका बाईंची सॅक उचलून त्यांना बसपर्यंत पोचवून आले, हात हलवला, आणि परत येऊन कट्ट्याशी उभे राहिले.

अकरा वर्षांपूर्वी त्या कट्ट्याला पाणी झिरपून तडा गेला होता. संस्थेने नवं यंत्र पाठवायचं ठरवलं आणि काकांना कळवलं, कट्टा नवा बांधून घ्या. काकांनी गावातला चांगला गवंडी बोलावला. आता काम अंगावर पडलंच आहे तर असं करू की पुन्हा तडा म्हणून जाणार नाही, असा त्यांनी विचार केला, आणि सिमेंटमध्ये लोखंडी सळयांची जाळी घालून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. ही त्यांच्या पदरची हौस. गवंडी म्हणाला, "काका, यावर दुमजली घर बसेल." काका खूश झाले होते.

जुने साहेब एकदा म्हणाले होते की कट्ट्यात लोखंड नको. काकांना वाटलं होतं, गंजतं म्हणून. पण ही सळई चांगली, न गंजणारी होती.

मग त्यांनी नव्या कट्ट्यावर तांबडी रेघ मारली. त्या दिवशीची त्यांची काळजी बघण्यासारखी होती. होकायंत्राची सुई लोखंडाने बहकते, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून किल्ल्यांचा जुडगा बाहेर ठेवला, घड्याळ बाहेर ठेवलं, खिशातला चाकू बाहेर ठेवला. पट्ट्याचं बक्कल लोखंडी, म्हणून पट्टाही काढून ठेवला आणि एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने होकायंत्र कट्ट्यावर ठेवलं. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक तक्त्यातून बघून तोही वळता केला. पाच वेळा मोजलं, पाची वेळा तेच आलं. सुई जराही हलली नाही, कारण दोन बोटं सिमेंटखाली ती जाळी तिला घट्ट धरून बसली होती.

आता कट्ट्याशी उभ्या काकांना हे सगळं आठवलं. त्यांनी होकायंत्र आणलं आणि कट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत नेलं. मधोमध सुई, तक्त्यातला फरक धरून, तांबड्या रेघेवर नीट बसायची; कडेला गेली की वळायची. अकरा वर्षांत हे करून बघायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. रेघ पाच वेळा मोजलेली होती ना!

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंचं मशीन थांबलं.

"नक्की चुकलंय?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू? पण होकायंत्राने नाही मोजता येणार. सूर्यानेच मोजावं लागेल."

"मग उद्या मोजू," काकू म्हणाल्या. "ऊन आहे."

ही जुन्या साहेबांची पद्धत. भुयाराच्या दारासमोरच्या अंगणात त्यांनी ओळंबा धरून एक काठी उभी ठोकली आणि तिच्याभोवती दोरीने मोठं वर्तुळ काढलं. सकाळी काठीची सावली लांब असते. ती आखडत आखडत वर्तुळाला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग वाट बघायची. दुपार उलटल्यावर सावली पुन्हा लांबत जाते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकते, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते, आणि तिला काटकोनात उत्तर. सूर्याला लोखंडाचं काही सोयरसुतक नाही. काकूंनी हातशिलाईचं काम बरोबर आणलं होतं. दोन खुणांच्या मधल्या पाच तासांत त्यांनी एका कोटाची सगळी बटणं लावली. काका नुसते काठीकडे बघत बसले. बघून सावली लवकर सरकत नाही, हे काकूंनी त्यांना दोनदा सांगितलं.

तिसऱ्या प्रहरी खूण पडली. काटकोन काढायला काकूंनी आपली कापड बेतायची काटकोनी पट्टी पुढे केली. उत्तरेची दोरी अंगणातून ताणून, तिन्ही दारं उघडी टाकून, थेट आत कट्ट्यावर नेली. दोरी आणि तांबडी रेघ एका ठिकाणी मिळत होत्या आणि पुढे फाकत होत्या. काकूंनी गळ्यातला टेप काढून मोजलं.

"मीटरला सोळा सेंटिमीटर."

काकांनी मनातल्या मनात अंश काढले. नऊ. रेघ खऱ्या उत्तरेपासून नऊ अंश पूर्वेला कलली होती. अकरा वर्षं यंत्र जरा तिरकं तोंड करून बसलं होतं, आणि डावी-उजवीकडची हालचाल पुढे-मागेच्या रेघेत सांडत होती. खाली प्रावरण कुठे वळलेलं नव्हतं. वळलेले होते काकाच.

ते तिथेच जमिनीवर बसले.

"अकरा वर्षं वाया," ते म्हणाले. "रोज सकाळी येऊन बघत होतो गं मी. रोज. सगळं वाया."

काकू टेप गळ्यात घालत म्हणाल्या, "वाया कसं? कापड तिरकं ठेवून मापं घेतली म्हणून कापड फाटलं का? किती तिरकं होतं ते कळलं तर मापं सरळ करता येतात. तुम्हाला तर कळलंय, किती तिरकं आणि कोणत्या दिवसापासून."

काकांनी मान वर केली. हे खरं होतं. नऊ अंश उलटे फिरवले की नोंदी जागेवर येणार होत्या, सगळ्या. पण नोंदी जागेवर आल्या की डाग जाणार, डाग गेला की विशेष काही उरणार नाही, आणि विशेष काही उरलं नाही की यादीत नाव राहणार. हे दोघांनाही एकदमच कळलं.

"गप्प बसलो तर?" काका म्हणाले. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. "कट्ट्याच्या आत काय आहे ते मला आणि गवंड्याला माहीत. गवंडी दुसऱ्या गावी गेला. स्टेशन चालू राहील. माझं तर एकच वर्ष उरलंय."

"राहील की चालू."

"मग?"

"मग काही नाही. तुमचं स्टेशन, तुम्ही ठरवा. मी दोरी गुंडाळते." काकू दोरी गुंडाळू लागल्या, आणि गुंडाळता गुंडाळता, काकांकडे न बघता म्हणाल्या, "त्या पोरीला परिषदेत चारचौघांत कोणी विचारलं, उभी रेघ गप्प का, तर ती काय सांगेल हो?"

काकांनी त्याच संध्याकाळी ऑफिसातून बाईंना फोन लावला. कागदावर सगळं लिहून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं: जाळी, होकायंत्र, काठी, सोळा सेंटिमीटर, नऊ अंश, कट्टा बांधल्याची तारीख.

"काका, याचा अर्थ काय होतो, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय मॅडम."

"अकरा वर्षांत एकदाही तपासलं नाहीत?"

"नाही तपासलं."

"मी सहा वर्षं..." बाई मध्येच थांबल्या. आवाज बदलला होता. "यंत्राला हात लावू नका. आहे तसंच असू द्या." आणि फोन ठेवला.

त्यानंतर पाच आठवडे बाईंचा फोन नाही, पत्र नाही. काका रोज जायचे, वाकड्या यंत्राकडे बघायचे, हात न लावता परत यायचे. एवढं सोपं काम त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं, हात शिवशिवायचे. परिषद होऊन गेली. यादी पक्की झाली. तिच्यात टेकडीचं नाव होतं. पत्र आलं त्या दिवशी काका जेवले नाहीत आणि काकूंनीही आग्रह केला नाही.

यंत्र काढून न्यायला गाडी आली, तिच्यातून बाई उतरल्या. गाडीवाला टाकीच्या सावलीत जाऊन बसला. ऑफिसात दोघंच. किटली उकळली आणि बाईंनीच तोंड उघडलं.

"मी तुमच्यावर चिडले होते काका. चांगले तीन आठवडे."

"चिडायलाच पाहिजे."

"मग उभी रेघ काढून बसले. तुम्ही म्हणालात तशीच, गप्प. ते तुमच्याआधी मला दिसायला हवं होतं." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "परिषदेत मी ते मांडलं नाही. नोंदी नऊ अंश फिरवल्या. डाग गेला, एका क्षणात. मग मनात आलं, इथे असं, तर बाकीच्यांचं काय? लोळती लाट ज्या दिशेने येते त्याच दिशेला जमीन पुढे-मागे हलवते, म्हणजे यंत्र वाकडं असेल तर लाटच सांगते. सगळी चाळीस तपासली. आणखी सात वाकडी निघाली. एक तर वीस अंशांनी."

"बाप रे."

"सातही जणांना फोन केले. सातही जण म्हणाले, आमची उत्तर बरोबर आहे, तुमचं गणित तपासा. कधी हलवलं, कधी पुन्हा बसवलं, कोणी सांगायला तयार नाही. तारीखच नाही तर फिरवायचं कुठून? त्या सातांच्या नोंदी मला सोडून द्याव्या लागल्या."

त्यांनी लॅपटॉप काकांकडे वळवला. सगळ्या प्रदेशाखालच्या प्रावरणाचं चित्र होतं, हिरव्या-निळ्या रंगांचं, आणि त्यात सात ठिकाणी पांढरी भोकं. काका नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे वाकले.

"यात आपलं कुठंय?"

"शोधा."

काकांना सापडेना. बाईंनी एका जागी बोट ठेवलं. तिथला रंग आजूबाजूसारखाच होता, जरासुद्धा वेगळा नाही.

"हे तुम्ही. अकरा वर्षांची एकही नोंद सोडून दिलेली नाही."

"म्हणजे आपल्याखाली विशेष काही नाही."

"नाही. थंड, जुना, स्वस्थ खडक." बाईंनी लॅपटॉप मिटला. "यादीसाठी मी दोनदा भांडले. संचालक म्हणाले, तिथलं सगळं इतकं स्वच्छ समजलंय, तर आता तिथे यंत्र कशाला?"

काका उठून आत गेले, यंत्राचे तीन स्क्रू सोडवले, आणि ते कोणाला हात लावू न देता स्वतः उचलून गाडीपर्यंत आणलं. वाटेत तिसऱ्या दाराशी ते दोन मिनिटं थांबले आणि तिथे रडले. बाईंना ते कळलं. त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

मग राहिला होता तो स्टेशन बंद केल्याचा फॉर्म. यंत्राचा क्रमांक, काढल्याची तारीख, यंत्राची स्थिती, यंत्राची दिशा. दिशेच्या रकान्यात सगळे 'बरोबर' लिहितात, रकाना तेवढाच छोटा असतो. काकांनी तिथे बारीक अक्षरात लिहायला घेतलं: खऱ्या उत्तरेपासून नऊ अंश पूर्वेला.

"काका, ते आता लिहायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "मी सगळं दुरुस्त केलंय. कोणी विचारणार नाही."

"दुरुस्त तुम्ही केलंत. वाकडं मी बसवलं. तेही कुठेतरी असू दे."

रकाना पुरला नाही, म्हणून ते समासात गेले: कट्ट्यात लोखंडी जाळी, ती मी घातली, अमुक तारखेपासून आजपर्यंत. पूर्ण होईपर्यंत बाई थांबल्या. काकांना फार वाईट वाटत होतं. लाज मात्र वाटत नव्हती. त्यांनी खाली सही केली, पेनाला टोपण लावलं आणि कागद बाईंच्या हातात दिला.